कुंपणापलीकडचे पाय

ग्रीन बे पॅकर्स हा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा अमेरिकन फुटबॉलचा संघ. त्यांचा ट्रेनिंग कॅम्प जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतो. ओनायडा स्ट्रीटच्या एका अंगाला लॅम्बो फील्ड, त्यांचं भलंथोरलं स्टेडियम. रस्ता ओलांडला की रे निचकी फील्ड, सरावाचं मैदान. आत खेळाडू, कुंपणाबाहेर आम्ही. बघायला पैसे पडत नाहीत. आम्ही ॲपलटनला राहतो, तिथून गाडीने पाऊण तास लागतो. 2014 पासून, कोविडची वर्षं सोडली, तर दर उन्हाळ्यात दोन-तीन सकाळी मी त्या कुंपणाशी घालवल्या आहेत. आणि तिथे उभी राहून बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांच्या आयुष्याबद्दल मतं दिली आहेत, अगदी ठामपणे.

मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा तो. पेठांनी आणि तालमींनी तो जिवापाड सांभाळलाय. लहानपणी अण्णांबरोबर शाहू स्टेडियमला जायचे. नवीन पोरगं मैदानात उतरलं की पाच मिनिटांत पायऱ्यांवरून त्याचा निकाल यायचा. एक पास चुकला की 'ह्येला कुणी घेतलं रं', एक गोल मारला की खांद्यावर. मीही त्या पायऱ्यांवरच घडले. त्यामुळे अमेरिकेत येऊन हा दुसरा फुटबॉल बघायला लागले, तरी डोळे तेच राहिले, घाईचे.

या खेळात मला पहिल्यापासून ओढ रिसीव्हरची. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, रिसीव्हर पळत जाऊन तो झेलतो, आणि त्याला अडवायला समोर कॉर्नरबॅक असतो. सांगायला इतकं सोपं. म्हणूनच कॅम्प बघायला आलेल्या प्रत्येकाला वाटतं की बाकीचं कळो न कळो, रिसीव्हर आपल्याला कळतो. झेल घेतला तो चांगला, सुटला तो वाईट. अवाढव्य माणसं एकमेकांना ढकलत असतात, त्यातलं कोण जिंकलं हे समजायला अभ्यास लागतो. चेंडू हातात बसला की निसटला, हे तर शेंबड्या पोरालाही दिसतं.

2022 चा उन्हाळा मला अजून टोचतो. त्या मार्चमध्ये डावान्टे ॲडम्स या रिसीव्हरला पॅकर्सनी रेडर्स या दुसऱ्या संघाला देऊन टाकलं होतं. ॲडम्स म्हणजे आदल्याच मोसमात झेलांवर 1,553 यार्ड काढलेला, पॅकर्सच्या इतिहासातला एका मोसमाचा विक्रम करणारा माणूस. त्याची जागा भरायला एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातली नवी पोरं संघ पाळीपाळीने निवडतात त्यात, तीन कोवळे रिसीव्हर घेतले. 34व्या क्रमांकावर नॉर्थ डकोटा स्टेटचा ख्रिश्चन वॉटसन, चौथ्या फेरीत 132व्या क्रमांकावर नेवाडाचा रोमिओ डब्स, आणि अगदी शेवटाला, 258व्या क्रमांकावर नेब्रास्काचा समोरी टूरे. वॉटसनसाठी तर पॅकर्सनी दुसऱ्या फेरीतल्या आपल्या दोन्ही संधी मिनेसोटाच्या संघाला देऊन टाकल्या होत्या. सहा फूट चार इंच उंच, 40 यार्ड 4.36 सेकंदांत पळणारा. कागदावर त्याला तोड नव्हती.

पण कॅम्प सुरू झाला तेव्हा वॉटसन गुडघ्याची शस्त्रक्रिया करून बाजूला उभा होता. आणि मैदान डब्सने मारलं. रोज काहीतरी. कधी कॉर्नरबॅकच्या डोक्यावरून, कधी कडेच्या रेषेला पायाची बोटं टेकवून, कधी अंग मागे फेकून. अंगावर 87 आकडा, जो आधी जॉर्डी नेल्सनचा होता, त्यामुळे जुन्या लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. त्याने सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धच्या पहिल्या सराव सामन्यात टचडाउनही केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेला. वॉटसन ऑगस्टच्या मध्यावर सरावाला आला. मी त्याला एकच सकाळ पाहिलं. माझ्यासमोर दोन चेंडू आले, त्यातला एक त्याच्या हातून गेला. घरी परतताना गाडीत मी नवऱ्याला सांगितलं, "चौथ्या फेरीचं पोरगं सोनं आहे, दुसऱ्या फेरीचं वाया गेलं."

11 सप्टेंबरला मिनियापोलिसमध्ये मोसमाचा पहिला सामना. पॅकर्सची पहिलीच चाल. क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सने लांब चेंडू टाकला, वॉटसन सगळ्यांच्या पुढे निघून गेला होता, समोर मोकळं रान आणि 75 यार्डांचा टचडाउन. चेंडू बरोबर हातात आला आणि निसटला. मी सोफ्यावरून उठून म्हणाले, "बघ, सांगितलं होतं ना!" माझ्या आवाजात आनंद होता, हे मला त्याच क्षणी ऐकू आलं. आपला संघ बुडतोय, एका पोराचं जगापुढे काळीज फाटलंय, आणि मला माझं भाकीत खरं ठरल्याचं समाधान. ते ऐकू आलं नसतं तर हा लेख मी लिहिला नसता.

पुढचं ठाऊकच असेल. 13 नोव्हेंबरला डॅलस लॅम्बोवर आलं, चौथ्या क्वार्टरमध्ये पॅकर्स 28-14 ने मागे होते, आणि जादा वेळेत 31-28 ने जिंकले. वॉटसनने त्या दिवशी चार झेल घेतले आणि त्यातले तीन टचडाउन होते. मोसमअखेर त्याचे 41 झेल, 611 यार्ड, सात टचडाउन. डब्सचा घोटा नोव्हेंबरात दुखावला, त्याचे 42 झेल, 425 यार्ड, तीन टचडाउन. म्हणजे डब्स वाईट होता का? मुळीच नाही. जानेवारी 2024 मध्ये त्याच डॅलसला त्यांच्या घरी हरवलं, त्या प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीच्या, सामन्यात सहा झेलांत 151 यार्ड डब्सचे होते. चुकलं होतं ते माझं मोजमाप.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. फॉक्स नदीकाठच्या एका कागदाच्या गिरणीत आयुष्य गेलं, आणि संध्याकाळी जवळच्या शाळेत तीसेक वर्षं त्यांनी रिसीव्हर पोरांना शिकवलं. पॅकर्स कोण्या एका धनवंताच्या मालकीचे नाहीत, लाखो भागधारकांचे आहेत. त्यातला एक भाग आजोबांचा, त्याचं प्रमाणपत्र स्वयंपाकघरात फ्रेम करून लावलंय. 2023 च्या कॅम्पला मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेले. जाताना मी मागच्या वर्षीची सगळी कथा सांगितली. ते ऐकून घेऊन म्हणाले, "आज एक कर. चेंडू बघूच नकोस."

ही सूचना पाळणं किती अवघड आहे, ते करून बघितल्याशिवाय समजत नाही. चेंडू हवेत गेला की नजर आपोआप त्याच्यामागे जाते. आजोबा दर वेळी कोपराने ढोसायचे. कोपरं मारून मारून त्यांनी मला जे दाखवलं, ते असं.

चाल सुरू झाल्याबरोबर रिसीव्हरची पहिली तीन पावलं बघायची. पहिल्या पाच यार्डांपर्यंत कॉर्नरबॅकला त्याला हाताने रेटायची मुभा असते. तिथे जो अडकला, त्याला पुढे वेग असून उपयोग नाही, कारण क्वार्टरबॅककडे सामन्यात अडीच-तीन सेकंद असतात आणि त्यातलं निम्मं तिथेच खर्च होतं. मग बघायची कंबर. सरळ पळणारा माणूस एकाएकी वळतो तेव्हा त्याला वेग मारावा लागतो. कच्चा खेळाडू वळायच्या आधी चार-पाच बारकी पावलं टाकतो आणि खांदे वर उचलतो. म्हणजे समोरच्याला चिठ्ठी पाठवून कळवतो की आता मी वळणार आहे. तयार खेळाडूची कंबर खाली बसते, दोन पावलांत तो थांबतो, आणि त्याचं धड शेवटपर्यंत सरळ पळणाऱ्याचंच सोंग घेऊन असतं. आणि शेवटी हात. चेंडू येईपर्यंत हात खाली ठेवायचे, अगदी शेवटच्या क्षणी वर काढायचे. कारण पाठीला चिकटून पळणाऱ्या कॉर्नरबॅकला चेंडू दिसत नसतो, त्याला रिसीव्हरचे हात दिसतात. हात उठले की तोही हात घालतो.

"आणि चेंडू पडला तर?" मी विचारलं.

"पडू दे. तो कसा परत येतो ते बघ."

मी म्हटलं, मान खाली घालून आला तर वाईट, ताठ आला तर चांगला, असंच ना? ते नाही म्हणाले. मान कशीही असो. पुढच्या वेळी तोच रूट, म्हणजे पळायची ठरलेली वाट, आला, की तो त्याच वेगाने पळतो का, हे बघायचं. झेल सुटलेला पोरगा पुढच्या वेळी अर्धं पाऊल आधी मान वळवतो, चेंडू नीट दिसावा म्हणून. त्या अर्ध्या पावलाने वेग जातो, कॉर्नरबॅक गाठतो, आणि आता चेंडू पडतो तो हातांमुळे नाही. एका चुकीला घाबरून दुसरी चूक तयार होते. ज्याला ते टाळता येतं, त्याच्यासाठी सगळे प्रशिक्षक थांबायला तयार असतात, असं आजोबांचं म्हणणं.

कॅम्पमधल्या ज्या खेळावर सगळ्यात जास्त टाळ्या पडतात, तो एकास एकचा. एक रिसीव्हर, एक कॉर्नरबॅक, आणि निवांत उभा असलेला क्वार्टरबॅक. त्याच्या अंगावर कोणी धावून येत नाही, मधे मदतीला दुसरा बचावपटू नाही, सगळं मैदान मोकळं. कुठे वळायचं हे रिसीव्हरला ठाऊक, कॉर्नरबॅकला नाही. या सौद्यात रिसीव्हर जिंकायचाच. जिंकला नाही तर काळजी करावी. जिंकला म्हणून हुरळून जाऊ नये. त्यात सुरुवातीचे दिवस अंगावर पॅड नसतात. पॅड चढल्यावरही आपल्याच संघातल्या पोराला कोणी जोरात आडवं करत नाही. मैदानाच्या मध्यात उडी मारून घेतलेल्या झेलाची किंमत सामन्यात बरगड्यांनी चुकवावी लागते. सरावात तो झेल फुकट पडतो. कोण ती किंमत मोजेल आणि कोणाचे हात आखडतील, ते जुलैत कोणालाच दिसत नाही.

आणि एक गोष्ट कुंपणाबाहेरून कधीच दिसणार नाही, ती म्हणजे काय सांगितलं होतं. एकाच रूटला समोरच्या बचावाप्रमाणे दोन-तीन उत्तरं असतात. बचावपटू मागे हटलेला असेल तर थांबून वळ, अंगावर असेल तर तसाच पुढे पळ. हा निर्णय रिसीव्हर आणि क्वार्टरबॅक दोघांनी पळता पळता, एकमेकांशी न बोलता, एकच घ्यायचा असतो. चेंडू तर रिसीव्हर वळायच्या आधीच हातातून सुटलेला असतो. एकाने एक वाचलं, दुसऱ्याने दुसरं, की चेंडू रिकाम्या गवतावर पडतो आणि कुंपणाशी आम्ही म्हणतो, काय फेकलंय! ऑगस्ट 2022 मध्ये न्यू ऑर्लिन्सबरोबरच्या एकत्र सरावानंतर रॉजर्सने नव्या रिसीव्हरांबद्दल उघड तक्रार केली, त्यात झेल सोडण्याइतकाच राग चुकीच्या रूटचा होता. त्या चुका आमच्यापैकी कोणीही पाहिल्या नव्हत्या. आम्ही तिथे असतो, तरी पाहिल्या नसत्या.

जेफ जॅनिसची आठवण इथे आल्यावाचून राहत नाही. 2014 चा, सातव्या फेरीचा, सॅगिनॉ व्हॅली स्टेट नावाच्या लहानशा कॉलेजातून आलेला. काय पळायचा! कॅम्पमध्ये तो आम्हा सगळ्यांचा लाडका होता, आणि सामन्यांत त्याला खेळवत का नाहीत यावर ॲपलटनच्या किराणा दुकानाच्या रांगेत मी अनोळखी माणसांशी तावातावाने बोलले आहे. मग जानेवारी 2016, ॲरिझोनातला प्लेऑफ. शेवटच्या मिनिटात चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, 20 यार्ड काढायलाच हवे होते, आणि रॉजर्सने जॅनिसला 60 यार्डांचा चेंडू दिला. वेळ संपता संपता पुन्हा 41 यार्ड, दोन बचावपटूंच्या मधून, टचडाउन. सामना जादा वेळेत हरले, पण आम्ही त्या रात्री म्हणालो, आता तरी कळलं ना! पुढच्या दोन मोसमांतही तो नियमित रिसीव्हर झाला नाही. पंट झाल्यावर, म्हणजे चेंडू लाथेने समोरच्या संघाकडे उडवल्यावर, सर्वात आधी धावत जाऊन समोरच्याला गाठणं, हे त्याचं खरं काम राहिलं, आणि ते तो जीव तोडून करायचा. आम्हाला त्याचा वेग दिसत होता. प्रशिक्षकांना त्याचे रूट दिसत असावेत.

आणि त्याच 2014 च्या ड्राफ्टमधला, दुसऱ्या फेरीचा पोरगा, ज्याला पुढच्या मोसमात 50 झेलांत एकच टचडाउन करता आला, ज्याच्या हातून चेंडू निसटले की लॅम्बोवर लोक कण्हायचे, तो डावान्टे ॲडम्स. त्याची पहिली तीन पावलं तेव्हाही तीच होती. कॉर्नरबॅक जागच्या जागी गोंधळून जायचा. आम्ही चेंडू बघत होतो.

2023 ला परत येते. त्या वर्षी रॉजर्स गेला होता, क्वार्टरबॅक म्हणून त्याच्या जागी जॉर्डन लव्ह आला होता, आणि मोसमाला निवडलेले सगळेच्या सगळे रिसीव्हर पहिल्या नाहीतर दुसऱ्या वर्षाचे होते. इतकी कोवळी फळी! आजोबांबरोबरच्या त्या सकाळी माझा मुलगाही होता, नऊ वर्षांचा, आणि त्याची सायकल. ग्रीन बेची ही जुनी पद्धत आहे. मुलं सायकली घेऊन स्टेडियमपाशी थांबतात, खेळाडू त्यांच्या सायकलवर बसून सरावाला जातात, आणि मूल त्यांचं हेल्मेट उचलून शेजारून पळतं. सराव संपला की परत तसंच.

माझ्या मुलाची सायकल निळी, वीस इंची चाकाची. तिच्यावर बसला तो ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेला एक रिसीव्हर. त्याचं नाव लिहीत नाही. गुडघे हँडलला लागू नयेत म्हणून त्याने पाय दोन्हीकडे फाकवले होते, तरी मुलगा मागे पडायला लागला की तो पेडल मारायचं थांबवायचा आणि जमिनीला पाय घासत वाट बघायचा. माझ्या मुलाने हेल्मेट दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. शाहू महाराजांची पगडी नेत असल्यासारखं.

सरावात त्या पोराने सगळं झेललं. मी मोजलं, त्याच्याकडे सात चेंडू आले आणि साती हातात बसले. एक तर जमिनीपासून वीतभर अंतरावरून. मी आजोबांकडे बघितलं. ते काही बोलले नाहीत. मी चेंडू बघायचा नाही हे आठवून त्याचे पाय बघायला लागले, आणि मग मला नको होतं तेच दिसायला लागलं. वळताना तो प्रत्येक वेळी ती बारकी पावलं टाकत होता. चार, कधी पाच. कॉर्नरबॅक त्याच्याबरोबरच वळत होता. साती झेल अवघड होते, कारण साती वेळा तो मोकळा झालाच नव्हता. लोक टाळ्या वाजवत होते त्या अवघडपणाला.

"ते शिकता येतं ना?" मी विचारलं.

"येतं," आजोबा म्हणाले. "दोन वर्षं लागतात."

कॅम्पला पाच आठवडे असतात. 29 ऑगस्टला 90 जणांतून 53 ठेवले, त्यात तो नव्हता. सरावासाठी ठेवायच्या सोळा जणांत तरी असेल म्हणून मी तीही यादी दोनदा बघितली. मुलाला सांगायचं मी दोन दिवस लांबवलं. शाळेच्या पहिल्या आठवड्यात त्यानेच विचारलं, "आई, त्याने सगळे कॅच घेतले होते ना?" मी हो म्हटलं. पावलांचं काही बोलले नाही. बोलायला हवं होतं की नको, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मुलाने जे पाहिलं होतं तेही खरंच होतं.

त्या सकाळी सराव संपला तेव्हा बहुतेक खेळाडू सायकलींकडे आले. आमचा आला नाही. मैदानाच्या लांबच्या कोपऱ्यात चेंडू फेकायचं एक यंत्र असतं, दोन फिरत्या चाकांमधून चेंडू सणसणत सुटतो. तो तिथे गेला. हेल्मेट त्याच्याकडे, त्यामुळे मुलगा नुसती सायकल धरून उभा. बाकीची मुलं निघून गेली. ऊन चढलं, आजोबा सावलीला जाऊन बसले, मी पाण्याची बाटली पुढे केली तर मुलाने मान हलवून नको म्हटलं, कारण तो मोजत होता. पोरगा आधी समोर तोंड करून झेलत होता, मग पाठ करून मान वळवून, मग एका हाताने. चेंडू तळव्यात बसल्याचा आवाज कुंपणापर्यंत येत होता, ओला कपडा दगडावर आपटावा तसा. मग त्याने यंत्रावरच्या माणसाला थांबायची खूण केली. चेंडू न घेताच तो दहा यार्ड सरळ पळाला, आणि वळला. परत आला. पुन्हा पळाला, पुन्हा वळला. त्याच जागी, सहा-सात वेळा, खाली आपल्याच पायांकडे बघत.

"आता का नाही मोजत?" मी मुलाला विचारलं.

"चेंडूच नाहीये," तो म्हणाला, आणि सायकलचं हँडल घट्ट धरून वाट बघत उभा राहिला.